खन्नासाहेबांचं शुद्ध पेट्रोल

चेनसॉ सुरू करायची दोरी ओढली, ती वीतभर आली आणि अडकली. दुसऱ्या चेनसॉची तर तेवढीही आली नाही. गुडगावच्या एका बिल्डरच्या स्टोअरमध्ये ताडपत्रीवर सहा चेनसॉ मांडून ठेवल्या होत्या. सगळ्या इम्पोर्टेड, सगळ्या जाम. शेजारी खुर्चीवर साइट मॅनेजर खन्ना चहा पीत बसला होता.

"ठंड में पड़े-पड़े जाम हो गए हैं," तो म्हणाला. "थोड़ी ऑइलिंग कर लेना, बस."

ऑइलिंग! त्या माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि माझं डोकं सणकलं. का, ते सांगतो.

मी मूळचा अकोल्याचा. फरीदाबादच्या एका कारखान्यात फिटर म्हणून आलो, साहेबाशी भांडून नोकरी सोडली आणि जुन्या चेनसॉ घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, विकायच्या, असा धंदा टाकला. चेनसॉ म्हणजे पेट्रोलवर चालणारी करवत. लिबरलायझेशन नुकतंच आलं होतं. गुडगावात शेतांचे प्लॉट पडत होते, आणि प्लॉट पाडायचा तर आधी कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, साफ करावी लागे. परदेशी मशीन्स धडाधड येत होती. ती चालवायची कशी, हे सांगणारं मात्र सोबत कोणी येत नव्हतं.

आदल्या वर्षी या सहा चेनसॉ नव्या होत्या आणि सर्व्हिसिंग माझ्याकडे होतं. चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक असतं, स्कूटरसारखं. कारच्या इंजिनात तेलाची जागा वेगळी असते, याच्यात नसते. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. मी कॅनमध्ये तेल ओतत होतो आणि मागून खन्ना आला.

"ये क्या मिला रहे हो?"

"तेल, सर. इंजन के लिए."

त्याने चेनसॉ उचलली आणि दुसरं झाकण दाखवलं. "तेल की टंकी तो अलग दी है कंपनी ने! मुझे बेवकूफ समझा है?"

ती टाकी चेनला, म्हणजे दात्यांच्या साखळीला तेल द्यायला असते. इंजिनाशी तिचा संबंध नाही. मी सांगितलं. त्याने ऐकलं नाही. मी जोरात सांगितलं. त्याने गार्डला बोलावलं. दिल्लीत तेव्हा पंपावरच्या भेसळीच्या बातम्या रोज यायच्या आणि खन्नाला वाटलं, आपल्या हाती चोर लागला. गेटवर माझी पिशवी उलटी केली. माझे पाने, माझे स्क्रूड्रायव्हर धुळीत. वर अख्ख्या लेबरसमोर शब्द आला, "मिलावटखोर!" महिन्याभरात तो शब्द गुडगावातल्या सगळ्या ठेकेदारांकडे पोचला. मला कोणी दारात उभं करेना. धंद्यात नाव गेलं की दुकान उघडलं काय आणि न उघडलं काय, सारखंच.

त्यानंतर खन्नाने ड्रायव्हरला पंपावर धाडून, कॅनला कुलूप लावून शुद्ध पेट्रोल आणवलं. त्या शुद्धतेचा निकाल आता ताडपत्रीवर पडला होता. जाम झालेली चेनसॉ विकत घेणारा वेडा त्या भागात मी एकटाच, म्हणून नाइलाजाने मला फोन.

मी एका चेनसॉचा मफलर काढला. त्यामागच्या भोकातून टॉर्च मारली की पिस्टन दिसतो. चांगला पिस्टन गुळगुळीत असतो. याच्यावर मांजराने ओरबाडल्यासारख्या उभ्या रेघा होत्या. तेलाविना चालवल्याची खूण. मी चेहरा पाडून म्हटलं, "भंगार है."

"इम्पोर्टेड है भाई! वजन देखो."

"वजनावर घेऊ? मग किलोचा भाव बोला."

त्याने नव्या चेनसॉच्या तोडीचा आकडा सांगितला. "और ऑइलिंग कर लोगे तो..."

इथे माझा तोल सुटला. "ऑइलिंग मी करू? मागच्या वर्षी त्याच गुन्ह्यासाठी हाकललंत ना मला?" हातातला पाना ताडपत्रीवर आदळला आणि तरातरा निघालो. खरोखर निघालो होतो. सौदा गेला खड्ड्यात, असंच मनात होतं. पण खन्नाला वाटलं, ही माझी भाव पाडायची पद्धत आहे. तो मागून ओरडला आणि निम्म्यावर आला. मी चालतच राहिलो, कारण राग उतरला नव्हता. गेटपाशी तो आणखी खाली आला. इतका यशस्वी सौदा मी शुद्धीत कधी केलेला नाही.

आता दुरुस्ती. सिलिंडरच्या आतून क्रोमचा कडक थर असतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन घासून वितळतो आणि त्या क्रोमला चिकटतो. बघणाऱ्याला वाटतं, सिलिंडर संपला. पण बाथरूम धुवायचं तेजाब, म्हणजे ॲसिड, बोळ्याने हलकेच लावलं की ॲल्युमिनियम फसफसून निघतं आणि क्रोम तसाच राहतो. हे काम मी घरच्या गॅलरीत करत होतो. बायको नाकाला पदर लावून आली.

"अहो, बाथरूम आहे तसंच आणि तेजाब करवतीला? जरा फरशीकडेही बघा की!"

करोल बागेतल्या एका पार्टवाल्याने बाहेरून नवे पिस्टन मागवून दिले. दोन चेनसॉ सुट्या भागांसाठी मोडल्या, चार उठल्या. धुऊन, घासून शेल्फवर लावल्या.

पावसाळ्याआधी खन्ना स्वतः फरीदाबादला दुकानात हजर. प्लॉट दाखवायला गिऱ्हाईकं येणार होती आणि कुऱ्हाडीने कीकर संपत नव्हती. शेल्फकडे बघून तो थबकला.

"ये... ये हमारे वाले तो नहीं हैं?"

"तुमच्या कशा असतील? तुमच्या तर भंगार होत्या. अपने मालिक, बडे साहब को आपने यही बताया होगा ना?"

खन्नाने शेल्फवरून नजर काढली. "हाँ हाँ. ये तो अलग मॉडेल है."

"विकणार नाही. भाड्याने देईन. फ्युएल माझं, सीलबंद. डबा कोणी उघडायचा नाही, आणि गेटवर माझ्या पिशवीला कोणी हात लावायचा नाही."

"फ्युएल में ऐसा क्या है?"

"स्पेशल ट्रीटमेंट."

"इम्पोर्टेड?"

मी नुसता हसलो. खोटं बोललो नाही. खन्नाने मान डोलावली आणि भाड्यावर घासाघीससुद्धा केली नाही.

मग मी पेट्रोलमध्ये तेच तेल त्याच प्रमाणात मिसळलं आणि डबे सील केले. दुसऱ्या दिवशी गार्डने मला सलाम ठोकला. कीकर धडाधड पडू लागली. दुपारी कंपनीचे मालक, ज्यांना सगळे बडे साहब म्हणत, गाडीतून उतरले. निळसर धुरात उभे राहून त्यांनी लांब श्वास घेतला.

"अरे खन्ना! ये तो मेरी पुरानी स्कूटर की खुशबू है. पेट्रोल में तेल मिलाते हो?"

खन्नाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. लेबर सगळं आमच्याकडे बघत होतं.

"जी सर," खन्ना म्हणाला. "मिलाना पड़ता है. इसके लिए वानखेडेजी को खास बुलाया है. इंजीनियर हैं."

बडे साहब गेल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "यार, पिछले साल ही समझा देते."

"समझाया था! दहा वेळा!"

"आप चिल्ला रहे थे. चिल्लाने वाले की कौन सुनता है?"

यावरही मी ओरडलोच. माफी त्याने मागितली नाही, अजून मागितलेली नाही. पण लेबरसमोर इंजिनिअर म्हटल्याची बातमी मिलावटखोरापेक्षा वेगाने फिरली, आणि महिन्याभरात दोन ठेकेदार स्वतःहून दुकानात आले.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. गिऱ्हाईकाने फुकटचा सल्ला फेकून दिला, तर वाद घालत बसायचं नाही. तोच सल्ला डब्यात भरायचा, वर सील मारायचं आणि भाव दुप्पट सांगायचा. आजवर एकही डबा परत आलेला नाही.