खोल्यात काय आलं?

डोल म्हणजे लांब पिशवीसारखं जाळं. तिच्या तोंडाला आम्ही म्होर म्हणायचो आणि मासळी साठते त्या शेपटाला खोला. आताची पोरं नुसतं पुढचं, मागचं म्हणतात. नाव काहीही द्या, मागे शिरेल ते अडकतं, बोंबील असो की माणूस.

होडी टेकण्याआधी खोल्यात काय आलं हे विचारू नये, अशी आमची रीत. शेजारची हिराबाई मात्र कमरेएवढ्या पाण्यात जाऊन विचारते. तिचा थोरला मुलगा शिमग्यानंतर बुडाला, तो अजून मिळालेला नाही. तिला कुणी रागावत नाही.

आज तांडेल होडीतूनच ओरडला, "काकी, मागं हो. नुसतं बोंबीलच हायत."

"नीट बघितलंस?"

"तुझी शपथ."

मग आम्ही बायका टोपल्या घेऊन तुटून पडलो. "हात काढ गं, सगळं तुलाच पायजे?" मीच एकीवर खेकसले. पोट कुणासाठी थांबत नाही.

हिराबाई ओल्या लुगड्याने वाळूत बसली होती. "नाही आला. बरं झालं," ती मला म्हणाली. मग उठून तांडेलाकडे गेली.

"उद्या डोल कुठं लावणार रे?"