गॅस बंद केला का तिनं?

चिंचवडच्या एका कॉलेजात मुलांशी गप्पा मारायला बोलावलं होतं. नवऱ्याला जाऊन दोनेक महिने झाले होते. नाही म्हणायचाही कंटाळा आला, म्हणून गेले. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, लिहायची प्रेरणा कुठून मिळते?" हा प्रश्न मला दर कार्यक्रमात विचारतात आणि मी दर वेळी "आजूबाजूच्या माणसांकडून" असं ठोकून देते. त्या दिवशीही तेच ठोकून दिलं. टाळ्या झाल्या. शाल-श्रीफळ घेऊन रावेतला घरी आले आणि नारळ फ्रिजवर ठेवला. टेबलावर अर्धी कादंबरी पडली होती. ती आता पुरी होणार नाही असं वाटत होतं, आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

खरं उत्तर असं आहे, की एका बहिऱ्या माणसाला ऐकू जावं म्हणून मी लिहीत आले.

ह्यांचं घराणं दिघीकडचं, शेतकऱ्यांचं. जमिनी गेल्या, बिल्डिंगी आल्या, तरी हे भोसरीच्या एका कारखान्यात प्रेसवर उभे राहिले ते थेट रिटायर होईपर्यंत. पत्रा दाबणारी ती मशिनं दिवसभर धाडधाड करायची. कानात घालायला बोळे मिळत, पण ते घातले की शेजारचा काय म्हणतो ते कळत नाही, म्हणून कुणी घालत नसे. चाळिशीतच ह्यांना ऐकू येईनासं झालं. पुढे कानाचं यंत्र घेऊन दिलं. "शिट्टी मारतंय ते," म्हणून ह्यांनी ते सेफ्टी पिनांच्या डबीत टाकलं.

वाचायचा ह्यांना आळस. "तूच वाच," म्हणायचे. मग संध्याकाळच्या चहाला मी लिहिलेली पानं घेऊन समोर बसायची आणि ओरडून वाचायची. लांब वाक्य ओरडून म्हणता येत नाही, मध्येच दम जातो. म्हणून माझी वाक्यं आखूड झाली. एका समीक्षकांनी त्यात यंत्रयुगातला तुटलेला माणूस शोधून काढला. मी फोन करून त्यांचे आभार मानले. नवशिक्यांना मी एवढंच सांगेन, की 'ती मनातल्या मनात कुजबुजली' हे वाक्य एकदा बेंबीच्या देठापासून ओरडून वाचून बघा. परत जन्मात लिहिणार नाही.

वाचत असताना हे माझ्या ओठांकडे बघत. वाक्य पोचलं की "व्हय" म्हणत, तेही ओरडूनच, कारण स्वतःचा आवाज त्यांना कुठे ऐकू येत होता? शंका मात्र एकाच जातीच्या. ती बाहेर पडली, पण दार लावलं का? पोराला कुणाकडं ठिवलं? कादंबरीतलं माणूस घरातून निघालं की ह्यांच्या जिवाला घोर लागायचा. शैली, प्रतिमा वगैरे गोष्टींशी ह्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

शेवटचं जे वाचलं, त्यात माझी नायिका सगळ्या घराचा स्वयंपाक अर्धवट टाकते, पिशवी उचलते आणि घर सोडून निघून जाते. चांगलं उतरलं होतं. वाचून झाल्यावर मी ऐटीत थांबले.

"गॅस बंद केला का तिनं?" हे म्हणाले.

"अहो, ती आयुष्य सोडून चाललीय. कादंबरीत कुणी गॅस बंद करत बसत नाही."

"न्हाई, पर घर पेटंल ना."

मी कागद आवरले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता हे गेले.

मी रडले नाही. भेटायला येणाऱ्या बायका माझ्या तोंडाकडे बघायच्या, मी त्यांना पाणी द्यायची. भूक लागत होती, झोप येत होती, बाकी आत काही हलत नव्हतं. एकच गोष्ट टोचायची. ह्यांचा आवाज मला आठवत नव्हता. चेहरा आठवे, हात आठवत, शर्टाचा मशिनच्या तेलाचा वास आठवे, आवाज तेवढा नाही. ऐकूच येत नाही म्हणून हे फोनवर कधी बोलले नाहीत, त्यामुळे मोबाइलमध्येही काही सापडेना.

कॉलेजातून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारीण आली. ती लातूरकडची. नवरा चाकणला कंपनीत, ही घरी पोळ्यांचे डबे करते. आमच्या दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये, पाइपांच्या त्या अरुंद बोळकांडीत, उघडतात.

"काकू, रागावू नका, एक इचारू? ती बाई घर सोडून गेली, तिचं पुढं काय झालं?"

"कुठली बाई?"

"तुमच्या पुस्तकातली. मला डक्टमधून सगळं ऐकू यायचं की. कुकरसुद्धा तुमचं वाचून झाल्यावर लावायचे. आता आवाजच येईना गेलाय."

मी म्हटलं, पुढचं लिहिलंच नाही.

"मग गॅसचं? काका इचारत होते की." असं म्हणून तिनं हनुवटी पुढे काढली आणि ओरडली, "गॅस बंद केला का तिनं?"

गळा बाईचा, पण चाल ह्यांची. 'गॅस'वर तोच दणका, आणि 'तिनं' तसंच खाली ढकललेलं.

"परत म्हण," मी म्हटलं. तिनं परत म्हटलं. मग माझ्याकडे बघून घाबरली आणि पोळ्या राहिल्यात म्हणत निघून गेली.

मी टेबलाशी बसले. सुचलं वगैरे काही नव्हतं. नायिका जिना उतरून गेली होती, तिला परत वर आणायचं होतं, एवढंच काम. चपला न काढता ती आत गेली, बटण फिरवलं, पिशवी पुन्हा उचलली. ह्या दुरुस्तीनं कादंबरी सुधारली की बिघडली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. संध्याकाळी चहा ठेवला, ह्यांच्या खुर्चीसमोर बसले आणि ओरडून वाचलं, "ती परत वर आली. तिनं गॅस बंद केला."

आणि सवयीनं थांबले. ह्यांचं "व्हय" आल्याशिवाय मी पुढचं वाक्य कधी वाचत नसे. डक्टपलीकडे भांडंही वाजत नव्हतं, म्हणजे ती ऐकत होती. चहावर साय धरली तरी मी थांबूनच राहिले. "व्हय" आलं नाही. हे गेलेत ते मला तेव्हा कळलं, आणि मी रडले, तेही ओरडूनच.