मधल्या खुर्चीचा पट्टा

कोणतीही वस्तू हातात आली की काका आधी तिच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. चहाचा कप असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर काकूंनी वाढलेली भाकरी. मग मान वर करून विचारायचे, "ट्रायल झाली का?"

निघोज्याच्या एका कंपनीत ते क्वालिटीला होते आणि मी त्यांच्या हाताखाली. माल नापास झाला की ते त्याला लाल कार्ड बांधायचे. वर मालाचं नाव, खाली दोष, त्याखाली निर्णय. प्रॉडक्शनचा मॅनेजर हातापाया पडला तरी कार्ड सुटायचं नाही. तुमच्याही कंपनीत असा एखादा छळवादी असेलच. आमचं नशीब असं, की हा पुनावळ्यात माझ्याच समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आला! मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी स्टेजवरच्या भाड्याच्या सोफ्यावर आम्हा चार जाड्यांना बसवून बघितलं. सोफा मोडला. काका खूश. "बघ, उद्या नवरदेव पडला असता."

ती मुलगी, प्रज्ञा, लग्नानंतर कॅनडाला गेली. पुढं काकू वारल्या, काका रिटायर झाले, घरात एकटे उरले. मग एकदा प्रज्ञा दीड वर्षाच्या पिहूला घेऊन आली. नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून एकटीच. दारात उभी राहिली तेव्हा कुर्त्यावर दूध, उलटी, सगळं वाळलेलं होतं. पिहू विमानात नऊ तास रडली होती.

"लोक असे बघत होते पप्पा, जसं काही मीच तिला चिमटे काढतेय. बाथरूमला जायचं तर हिला ठेवू कुठं? मांडीवर घेऊन बसले." आणि बॅग खाली न ठेवताच म्हणाली, "परत नाही. हिला घेऊन एकटीनं परत कधीच नाही."

काकांनी ऐकलं ते एवढंच. त्यांच्या लेखी हा दोष होता, आणि दोष काढता येतो. प्रवास सोपा झाला की पोरगी दरवर्षी येईल, इतकं साधं गणित.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये तीन खुर्च्या ओळीत लागल्या. मधलीला जुन्या सुटकेसचा पट्टा बांधला. पुढं, गुडघ्याला लागेल अशी, एक पाठमोरी खुर्ची ठेवली. विमानाचा आवाज हवा म्हणून किचनमध्ये रिकामा मिक्सर फिरायचा. तिसऱ्या दिवशी तो जळला, तर आमचा नेला. मला कडेची खुर्ची मिळाली.

"तू चिडका प्रवासी," काका म्हणाले. "चीड."

"ह्यांना शिकवायला लागतंय होय?" माझी बायको दारातून म्हणाली.

काकांनी "बेल्ट?" म्हटलं की पिहूनं पोटावर दोन थापा मारायच्या. मग पट्टा बांधायचा, आणि कान दुखू नयेत म्हणून घोटघोट पाणी पाजायचं. पहिल्या दिवशी पोरीनं बिल्डिंग डोक्यावर घेतली. महिन्याभरात ती तीन तास बसायला लागली, वर कधी मिक्सर बंद पडला तर रुसायची.

मुंबईला सोडायला गाडी मीच चालवली. विमानतळाच्या दाराशी काकांनी पिहूच्या गालावरून अंगठा फिरवला. "बेल्ट?" तिनं थाप थाप पोट वाजवलं, खिदळली, आणि आईच्या कडेवर बसून आत गेली. रडली नाही. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. इतकी चांगली शिकवली होती!

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाचा फोन आला. "पप्पा, एकदाही रडली नाही." काकांनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले.

पुढच्या वर्षी ती आली नाही, सुट्टी नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी पिहूची शाळा सुरू झाली. मग नुसतं "बघू पप्पा". रविवारी व्हिडिओ कॉलवर काका "बेल्ट?" म्हणायचे. पिहू सुरुवातीला पोट वाजवायची, मग वाजवेनाशी झाली, मग फोनसमोरून पळून जायला लागली.

"प्रवासात तर दोष नव्हता रे," काका मला म्हणायचे. "मग माल अडकला कुठं?"

मला ठाऊक होतं. प्रज्ञाचं घर आता तिकडं होतं, एवढाच काय तो दोष. मी एरवी तोंडाळ माणूस, पण तिथं तोंड उघडलं नाही.

एका दुपारी फर्स्ट शिफ्ट करून आलो, तर समोरून मिक्सरचा आवाज. दार लोटलं. काका मधल्या खुर्चीत, पट्टा बांधून.

"आता कोणाची ट्रायल?"

"माझी. ती येत नाही ना, मग आपण जाऊ."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! घरून चहा नेला, तर म्हणाले, "आत्ता नको. ट्रॉली आल्यावर." दुसऱ्या तासाला त्यांचे पाय सुजले. तिसऱ्या तासात चारदा लघवीला उठले. चौथ्या तासाला गुडघे धरून उभे राहिले ते परत बसू शकले नाहीत. आठवडाभर रोज तेच.

"व्हीलचेअर मिळते काका. मधेमधे चालताही येतं. करा की पास, कोण बघतंय?"

भडकलेच. "मी बघतोय ना! आयुष्यात कधी डोळे झाकून माल सोडला का रे मी?"

नव्हता सोडला. त्या दिवशी त्यांच्या प्रामाणिकपणाचा मला जितका राग आला, तितका कंपनीतही कधी आला नव्हता.

त्याच वर्षी थंडीत ते गेले, झोपेतच. प्रज्ञा तिसऱ्या दिवशी पोचली. एकटी.

"पिहूला नाही आणलं?"

"शाळा आहे दादा. आणि एवढ्या लांब..."

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं खूप आली, खुर्च्या कमी पडल्या. मी आतल्या खोलीत गेलो, तर काकांनी हॉलमधून तिथं नेलेल्या त्या तीन खुर्च्या अजून ओळीनं लावलेल्या होत्या. मधलीचा पट्टा तसाच होता, आणि पट्ट्याला लाल कार्ड बांधलेलं. काकांचं टपोरं अक्षर.

माल: आजोबा.
दोष: चार तासांच्या वर बसवत नाही.
निर्णय: पाठवू नये.

प्रज्ञा माझ्या मागं येऊन उभी होती. तिनं वाचलं, आणि पांढरा पदर तोंडात कोंबून तिथंच खाली बसली. "मला एकदा तरी सांगायचं ना. मी आले असते."

आली असती का? मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिला बोलवेना, तिनं तो माझ्या हातात दिला. स्क्रीनवर पाचेक वर्षांची पिहू, दोन वेण्या घातलेली. काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "बेल्ट?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग शहाण्या मुलीसारखं "हॅलो अंकल" म्हणाली, आणि आईला फोन द्या म्हणून सांगितलं.

मी फोन दिला. बाहेर म्हातारी माणसं उभी होती. मी पट्टा सोडला आणि खुर्ची बाहेर नेली.