सागाच्या पानाचा लाल रंग

मंडळी, आत्ताच वांसद्याच्या राष्ट्रीय उद्यानातून नाशिकला परतलो. कुणाला तरी सांगायलाच हवं.

मला झाडं बाबांनीच शिकवली. सागाचं कोवळं पान चुरगाळलं की बोटं लाल होतात, हेही त्यांनीच दाखवलेलं. आज जंगलातल्या पायवाटेवर त्यांनी सवयीने पान चुरगाळलं आणि बोटं बघून घाबरले. "अगं, रक्त! मला कुठे लागलं?"

आई हसली. "पुरे तुमची नाटकं!"

बाबा हसले नाहीत. मी त्यांची बोटं पुसत राहिले, ते बोटांकडे बघत राहिले.

येताना घाटात गाडी मात्र त्यांनी सफाईने चालवली. आई मला म्हणाली, "बघ, काही झालंय का यांना?"

डॉक्टरांचं नाव काढलं तर आई कोसळेल. तुमच्या घरी असं कुणी विसरायला लागलं, तेव्हा तो विषय आधी कुणी काढला?