भेगेतला तामडा

दिवाकर गेल्याची बातमी ऑफिसच्या ग्रुपवर आली. खाली भराभर जोडलेले हात उमटले आणि पाचव्या मिनिटाला कुणीतरी महागाई भत्त्याचा आदेश टाकला. आठवडाभराने तेलीबांध्याच्या एका हॉलमध्ये शोकसभा झाली. ज्यांनी त्याला जन्मभर ‘पत्थरचाट्या’ म्हटलं, ते माइकवर त्याला ऋषी म्हणत होते. समोसे बरे होते. मीही बोललो... आणि मी त्या सगळ्यांहून हिणकस निघालो, कारण मला ठाऊक होतं ते मी तिथे बोललो नाही.

दिवाकर गोड माणूस नव्हता. दगड ओला केला की त्यातले कण उठून दिसतात, म्हणून तो सरळ जीभ लावायचा, साहेबांसमोरसुद्धा. आम्ही दोघे एकाच दिवशी भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून खात्यात लागलो. सरगुजेकडे गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ जमिनीखालची उष्णता शोधायला खोल भोक पाडून खडकाचे लांब दांडे काढले होते, ते भनपुरीच्या शेडमध्ये पेट्यांत पडून होते. त्या दांड्यांच्या पातळ कापांत, सूक्ष्मदर्शकाखाली, त्याला गार्नेट सापडलं, आपण तामडा म्हणतो तो. सोबत एपिडोट नावाचं हिरवं खनिज. आता तामडा जुन्या, कोट्यवधी वर्षांपूर्वी भाजलेल्या खडकातही असतो. त्याचं काही अप्रूप नाही. पण तीनशे अंशांच्या आसपास तापलेलं पाणी चुनाळ खडकाच्या भेगांतून फिरलं, तर तिथेही तो नव्याने वाढतो. दिवाकरचं म्हणणं एवढंच होतं, की हा तामडा भेगेतला आहे. खाली कधीतरी फार मोठी आच होती. ती अजून आहे का, हे पाहायला आणखी खोल जा.

साहेबांना खोल जायचं नव्हतं. त्यांना प्रकल्प गुंडाळून बदली हवी होती. तपासणीचं टिपण मला लिहायला सांगितलं. ‘गार्नेट मूळ खडकातील, उष्ण जलप्रणालीशी संबंध नाही.’ एक ओळ. मी ती दुपारच्या चहाआधी लिहिली.

संध्याकाळी दिवाकर टेबलाशी आला. “स्लाइड पाह्यली?”

“नाही.”

“मंग लिहिलं काहून?”

“साहेबांनी सांगितलं.”

“तू दगड नाही पाहून राहिला, साहेबाचं तोंड पाहून राहिला. त्यात कोणतं खनिज दिसलं तुले?”

मी हसलो. पुढे मला बढती मिळाली, भोक सिमेंटने बुजवलं, आणि दिवाकर निवृत्तीपर्यंत रेती-मुरमाचे नमुने तपासत राहिला. त्याने मला घरी बोलावणं मात्र सोडलं नाही. मी आठ वर्षं गेलो नाही.

शोकसभेनंतर गेलो. सुनंदावहिनींनी त्याच्या खोलीत नेलं. त्याची मुलगी टेबलाकडे बोट दाखवून म्हणाली, “काका, ये किसी को छूने नहीं देते थे.” टेबलावर सूक्ष्मदर्शक होता, त्याखाली खडकाचा पातळ काप लावलेली काच.

“तुमच्यासाठीच लावून ठेवली होती, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “येईन तो एक दिवस, म्हणत.”

मी डोळा लावला. जुन्या खडकाच्या आडव्या पट्ट्या, त्यांना कापत गेलेली भेग, आणि भेगेच्या दोन्ही काठांवरून आत वाढलेले तामड्याचे स्फटिक. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळावं. अर्धं मिनिट लागलं... खाली आज किती आच आहे, याबाबत तो चुकलाही असेल. पण त्याने पाहिलं होतं. मी पाहिलं नव्हतं.

“दिसलं?”

“हो. त्यांचं बरोबर होतं.”

“मले सांगून काय उपयोग? लिहून द्या. तिकडं खोटं लिहिलं तेव्हा सही केली होती ना?”

त्याच्याच कागदावर मी चार ओळी लिहिल्या, सही केली. एक प्रत खात्याला पाठवली. तिथे ती कोणी वाचणार नाही, म्हणून इथे लिहितो आहे. निघताना मी काच काढून डबीत ठेवायला गेलो.

“राहू द्या,” वहिनी म्हणाल्या. “फोकस हलंन.”