पान बोललं की बरणीत

कडकमामांना हे नाव त्यांच्या इस्त्रीवरून पडलं, असं मामांचं म्हणणं. स्वभावावरून पडलं, असं मामींचं. आपण कशाला दोघांच्या मध्ये पडा?

दुकान एवढंसं. खाली टेबलावर शर्टांची चळत आणि वर छताला दोऱ्यांनी टांगलेल्या मलमलीच्या झोळ्या. कुठे पुदिना, कुठे कोथिंबीर, कुठे लसणाचे काप, लिंबाची साल. इस्त्रीची ऊब वर जातेच आहे, तर फुकट का घालवा? खाली कॉलर कडक होई, वर पानं. धुतलेल्या शर्टाला लसणाचा वास येतो, अशी कुरकुर गल्लीत होती म्हणा. पण कुरकुरणारेच जाताना हळूच "मामा, एक छोटी बरणी बाजूला ठेवा हं," म्हणत.

पान वाळलं की नाही हे ओळखायची मामांची एकच रीत. चिमटीत धरायचं, कानाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि चुरडायचं. "पान बोललं की बरणीत. गप्प बसलं की परत झोळीत." ओल राहिली तर बुरशी धरते आणि फार वाळलं तर वास उडून जातो. मधला तो नेमका क्षण मामा कानानं पकडायचे. समोरची बेकरीवाली त्यांचं लसूण-पुदिन्याचं मिश्रण पावावर भुरभुरवून भट्टीत सरकवायची, तेव्हा नाकं मुरडणारेही रांगेत उभे राहायचे.

आणि मग पानं बोलेनाशी झाली.

"हवाच दमट आहे," मामा म्हणाले. झोळ्या खाली उतरेनात. पुदिन्याचा रंग गवतासारखा झाला, मग भुशासारखा, तरी मामा आपले चुरडतायत आणि मान हलवतायत, "अजून नाही." इकडे रेडिओचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागला. कुणी हाक मारली की मामा इस्त्रीकडे बघून हसत. लोकच हल्ली पुटपुटायला शिकलेत, अशी त्यांची तक्रार.

एक दिवस बेकरीवाली बरणी घेऊन आली आणि टेबलावर आपटलीच. ते बरं, निदान ऐकू तरी आलं.

"मामा, हा पुदिना आहे की उशीतला कापूस? गिऱ्हाईक विचारतं, पावावर धूळ का बसलीय!"

"माझ्या बरणीला नावं ठेवतेस?"

"शनिवारी नवीन पाव काढतेय. तोवर जुन्यासारखी बरणी दिलीत तर ठीक. नाहीतर कारखान्याची पाकिटं आणते, सांगून ठेवते."

पाकिटं! मामांच्या हातातली इस्त्री एका बाहीवर जरा जास्तच वेळ टेकली. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाचा शर्ट जाळला नव्हता.

मामींनी झोळीत हात घातला, एक पान स्वतःच्या कानाशी चुरडलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, हे बोलत नाहीये, बोंबलतंय!"

"म्हणजे मी बहिरा?"

"मी कुठे काय म्हटलं? पान म्हणतंय."

मामा दोन वेळचं जेवण रुसून जेवले. रुसले तरी जेवले, हे महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी "शर्ट पोचवून येतो" म्हणून निघाले. हातात एकच शर्ट, तोही स्वतःचा. परत आले तेव्हा भर उन्हात कानटोपी चढवलेली. मामींनी बघून न बघितल्यासारखं केलं.

ताजा पुदिना झोळीत गेला. शनिवारी सकाळी मामांनी कानटोपी जरा सरकवली, एक पान कानाशी धरलं, डोळे मिटले आणि चुरडलं. असे दचकले, की वाटलं छताचं लाकूडच मोडलं! कानातलं ऐकायचं नवं यंत्र चाचपत त्यांनी दुसरं पान घेतलं, मग तिसरं. गरज नव्हती. पण मित्र बऱ्याच दिवसांनी भेटला की आपण एकाच वाक्यावर उठतो का?

बरणी भरून झाकण लावतायत, तोच मागच्या खोलीतून मामींचा आवाज आला. बेकरीवाली तिथं बसली होती.

"हट्टी म्हणजे किती असावं माणसानं! रेडा परवडला. तो भुसा मी गेली दोन वर्षं वरणात घालतेय आणि 'वा, काय वास!' म्हणतेय. नाहीतर तोंड एवढंसं करून बसतो गं."

"मग आता बरणी?"

"तू आज घेऊन जा. बिघडली असली तर दारात नको बोलूस. मला येऊन सांग, मी निस्तरते."

मामा दारात उभे. कानटोपी हातात. "बिघडलेली नाही," ते म्हणाले. "आणि रेडा कोण?"

बेकरीवालीनं झाकण उघडलं, वास घेतला आणि बरणी पदराखाली घेऊन पसार झाली. संध्याकाळी तिच्या दारात रांग वळणापर्यंत गेली होती.

आता सगळं सुरळीत आहे, म्हणजे जवळजवळ. पानं तपासताना यंत्र कानात असतं. मामींनी सूर लावला की ते गुपचूप खिशात जातं. पण मामी कच्च्या गुरूची चेली नव्हेत. त्या मामांच्या पाठीमागे उभ्या राहतात आणि त्यांच्या कानाशी एक वाळलेलं पान चुरडतात. मामांची भुवई हलली, की मगच तोंड उघडतात.