आमचे 'हे'

दुपारी जेवण झाल्यावर मी वामकुक्षीला आडवा होतो. अंगावर इरकली साडीची गोधडी. डोळे मिटतात, कान तेवढे जागे राहतात. शेजारच्या घरात कुकर शिट्टी देतो.

संध्याकाळी नाट्यगृहात उपेंद्रच्या तैलचित्राचं अनावरण आहे आणि मला दोन शब्द बोलायचे आहेत. मला, अरविंद घैसासला, ज्याने जन्मभर अंधारात बसून दुसऱ्यांवर उजेड टाकला. कार्यवाह भिसेबाईंचा सकाळीच फोन आला होता. "तुमच्या परिचयात आपण 'स्नेही' म्हणू या का? सगळ्यांनाच बरं पडेल." कळवतो, म्हणालो. अख्खा जन्म एका घरात काढला आणि म्हणे स्नेही! स्नेही काय, दूधवालाही असतो.

"दूधवाला निदान रोज वेळेवर यायचा," उपेंद्र म्हणतो. तो पायथ्याशी बसलाय.

तो गेलाय, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी विचारतो, "चहा टाकू?"

"चहा राहू दे. चेहरा धू आधी. रंगायचंय तुला."

मी स्वयंपाकघरात जातो, तर ओट्यावर रंगपटातला आरसा, भोवती दिवे. पोह्यांच्या डब्यात मिशा. उपेंद्र माझ्या गालाला रंग लावतो. बोटं नेहमीसारखीच गार आहेत.

"ती काकू आठवते?" तो विचारतो.

"भाचीचं स्थळ घेऊन आलेली?"

"मी म्हटलं, काकू, भाचा असेल तर बघा!"

"मी विंगेत उभा होतो, मेल्या."

"म्हणून तर मोठ्याने म्हणालो."

आम्ही दोघंही हसतो. तोवर त्याचं त्या काकू सोडून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं होतं. ऐन तिशीत एका दिवाळी अंकातल्या मुलाखतीत त्याने सरळ सांगून टाकलं, माझं एका पुरुषावर प्रेम आहे आणि तो आमच्याच नाटकाचे दिवे बघतो. निर्मात्याने कपाळाला हात लावला. पुढच्या प्रयोगाला लोक आले ते त्याला नुसतं बघायला. दुसऱ्या अंकात पोट धरधरून हसले. त्यानंतर आले ते नाटकासाठी. रंगमंचावर तो किती बायकांचा नवरा झाला, मग सासरा झाला, म्हातारपणी एका राजाच्या भूमिकेत त्याने लोकांना रडवलं. त्याच्यामागून आलेली पोरं आता आपापल्या जोडीदाराला घेऊन पारितोषिकं घ्यायला जातात. मला त्याचा अभिमान वाटतो. फार वाटतो.

आरशाचे दिवे जातात. मी रंगमंचावर उभा आहे, शेजारी दोन खुर्च्या. त्याच्या सत्काराला होत्या त्याच. तेव्हा निमंत्रणपत्रिकेवर सवयीने 'सपत्नीक सत्कार' छापलं गेलं होतं. संयोजक शरमले, पण उपेंद्रने मला प्रकाशकक्षातून खाली बोलावलं, शेजारी बसवलं आणि नसलेला पदर सावरत माइकवर म्हणाला, "आणि हे आमचे 'हे'."

 मग पहिल्या रांगेतल्या एक आजी फिसकन हसल्या आणि टाळ्या थांबेचनात. तबकात पत्नीसाठी साडी होती. करतात काय, नारळासकट ती माझ्या हातात ठेवली. तीच ही गोधडी.

"आज दुसरी खुर्ची रिकामी राहणार," मी म्हणतो.

"राहू दे. मी उजेड टाकतो." आवाज मागून, माझ्या प्रकाशकक्षातून येतो. झोत पडद्यावर जातो, मग छतावर.

"डावीकडे रे! डावीकडे!"

"शिकवलंयस कधी?"

झोत धडपडत माझ्या तोंडावर येतो. झोतात मी एकटा कधी उभा राहिलो नाही. समोर काही दिसत नाही.

"बोल आता."

"मला नाही जमायचं, उपा. तू गमतीत म्हणालास, तुला शोभलं. माझा घसा आत्ताच बसतोय."

"अरू, मी जिवंतपणी कुणापासून लपवलं नाही. मेल्यावर मला ब्रह्मचारी करू नकोस."

तो आता अगदी जवळ उभा आहे. खिशातून ज्येष्ठमधाची काडी काढतो. रंगमंचावर जाण्याआधी तो नेहमी एक तुकडा गालात धरायचा. काडी मोडून तो अर्धी माझ्या तोंडात घालतो.

"चघळ. आवाज मोकळा होतो."

"मला तुझी फार आठवण येते रे."

"तेही सांग त्यांना. पण आटोपशीर. लोकांना शेवटची बस गाठायची असते."

तिसरी घंटा होते. होतच राहते.

उशाशी फोन वाजतोय. भिसेबाई. "सर, गाडी निघालीय. परिचयाचं काय ठरलं? स्नेहीच ना?"

उत्तर द्यायला तोंड उघडतो, तर जिभेखाली काहीतरी टोचतं. बोटाने काढून बघतो. चघळून धागे सुटलेला ज्येष्ठमधाचा तुकडा. उपेंद्र गेल्यापासून मी घरात ज्येष्ठमध आणलेला नाही.

"भिसेबाई," मी म्हणतो, आणि आवाज स्वच्छ येतो, "स्नेही नको. उपेंद्र आमचे 'हे' होते. असंच म्हणा. आणि खुर्च्या दोन ठेवा."

 बाई हळूच विचारतात, "दुसरीवर काय ठेवू, सर? हार? शाल?"

"काही नको," मी म्हणतो. "मी गोधडी घेऊन येतोय."